‘आमच्याकडनं काय होणार?’

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त मानकोली, ता. भिवंडी इथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मगाशी मंडपात शिरताना कडेला बसलेल्या एका मावशींना मी सहज विचारलं, “मावशी, आज मी कशावर बोलू?” मावशी पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, “मना काय इचारतं, बाय? मना काय कलतं?” मग आमच्या गप्पा रंगल्या. मावशींनी तीस वर्षं भाताची लावणी-कापणी केली. नवरा आजारी पडला तेव्हा घराचा सगळा हिशेब त्यांनी बोटांवर ठेवला. जमीन गोडाऊनला द्यायची वेळ आली तेव्हा दलालाच्या बोलण्यातली गफलत घरात सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात आली. आणि ह्या मावशी मला सांगतात, “मला काय कळतं!”

आज ३ जानेवारी. मी सावित्रीबाईंवर बोलावं असं मला सांगितलं आहे, आणि मी बोलणारही आहे. पण सुरुवात मावशींच्या त्या वाक्यापासून करते. कारण गावोगावच्या बैठकांत, समुपदेशन केंद्रात, पोलीस ठाण्याच्या बाकावर हे वाक्य मला सतत भेटतं. कधी ते “आमच्याकडनं काय होणार?” असं येतं. कधी “बाईच्या जातीला हे असायचंच” असं येतं. कधी “पोरीची जात, शिकून काय दिवे लावणार?” असं येतं. ही वाक्यं नुसती बोलायची नसतात. पुढे काय घडणार आहे ते ही वाक्यं आधीच ठरवून टाकतात. आज मला बोलायचंय ते ह्याबद्दल.

अपेक्षा : त्यांची आणि आपली

आपल्या भाषेत ‘अपेक्षा’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक अर्थ म्हणजे मागणी. सुनेकडून अपेक्षा, आईकडून अपेक्षा, बायकोकडून अपेक्षा. पहाटे पाणी भरावं, डबे करावेत, म्हाताऱ्यांचं करावं, कामावरून आल्यावर पुन्हा चुलीपुढे उभं राहावं, आणि हे सगळं हसतमुखानं करावं. ह्या अर्थानं बाईकडून असलेल्या अपेक्षा डोंगराएवढ्या.

दुसरा अर्थ म्हणजे अंदाज. हिच्या हातून काय होईल, ही कुठवर जाईल, ह्याबद्दल मनात धरलेला आडाखा. ह्या अर्थानं बाईबद्दलची अपेक्षा राईएवढी. हिला बँकेचं कळणार नाही, हिला पंचायतीत बोलता येणार नाही, ही दहावीनंतर शाळा सोडणारच, ही नवऱ्याकडे परत जाणारच.

एकाच बाईकडून डोंगराएवढं मागायचं आणि तिच्याबद्दल राईएवढंच धरायचं, ह्याला आपण ‘रीत’ म्हणतो. आणि वर्षानुवर्षं तेच कानावर पडलं की राईएवढा आडाखा बाईच्या स्वतःच्या मनात जाऊन बसतो. मग बाहेरच्या कुणी अडवायची गरजच उरत नाही. ती स्वतःच स्वतःला अडवते.

शाळेच्या फळ्यासमोर

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथल नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन नावाच्या मुख्याध्यापिका ह्या दोघांनी एका प्राथमिक शाळेत एक प्रयोग केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६८ साली आलं. त्यांनी मुलांची एक चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली. सांगितलं, ही मुलं यंदा खूप पुढे जातील असं चाचणीत दिसतंय. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. त्या मुलांत आणि बाकीच्यांत काहीच फरक नव्हता. फरक होता तो फक्त शिक्षकांच्या मनात. पण वर्ष संपताना, विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत, ही ‘नावं दिलेली’ मुलं बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा जास्त पुढे गेलेली दिसली.

ह्या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले. इतरांनी तो करून पाहिला तेव्हा परिणाम कधी दिसला, कधी अगदी थोडा दिसला. म्हणून मी असं म्हणणार नाही की शिक्षकाच्या मनात आलं आणि मूल हुशार झालं. पण रोझेंथल यांनी पुढे जे सांगितलं ते आपल्या कामाचं आहे. ज्या मुलाकडून शिक्षकाला आशा असते त्याच्याशी तो मायेनं बोलतो. त्याला जास्त शिकवतो. प्रश्न विचारल्यावर त्याच्या उत्तरासाठी थांबतो. चुकलं तर कुठे चुकलं ते नीट सांगतो. ज्याच्याकडून आशा नाही, त्याला “बस खाली” म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. म्हणजे अपेक्षा काही जादू करत नाही. ती आपल्या वागण्यात उतरते, आणि त्या वागण्याचं फळ समोरच्याला मिळतं.

आता आपापल्या घरात बघा. मुलगा नापास झाला तर क्लास लावतो. मुलगी नापास झाली तर स्थळ बघतो. नापास दोघंही झाले. फळं मात्र वेगळी, कारण अपेक्षा वेगळी. आणि पाच वर्षांनी आपणच म्हणतो, “बघा, पोरगा मार्गी लागला, पोरीला काही शिक्षणाची आवड नव्हती.”

आपल्याकडे जातीचीही अपेक्षा असते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे ह्या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित मुलं आणि सवर्ण मुलं जवळपास सारखीच कोडी सोडवत होती. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव जातीसकट पुकारलं. दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घसरली. मुलं तीच, कोडी तशीच. फक्त ‘तू कोण आहेस’ ह्याची आठवण करून दिली गेली.

म्हणून सावित्रीबाईंचं मोठेपण मला नेमकं कुठे दिसतं ते सांगते. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. शेण-दगड अंगावर झेलले, हे आपण दर वर्षी ऐकतो. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की ज्या मुलींबद्दल साऱ्या समाजाची अपेक्षा शून्य होती त्यांच्यासमोर फळा ठेवून एक बाई उभी राहिली आणि तिनं धरून चालली की ह्यांना येणार. त्यांच्याच शाळेत शिकलेली, मांग समाजातली मुक्ता साळवे ही शाळकरी पोर. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात ती पोर धर्माला, जातीला, पेशवाईला जाब विचारते. ती बुद्धी शाळेनं तिच्यात घातली नव्हती, ती होतीच. शाळेनं फक्त तिच्याकडून अपेक्षा केली.

अंथरूण कुणी कापलं?

आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पैशाच्या बाबतीत ते खरंही असेल. पण बाईनं एक प्रश्न विचारायला हवा, की माझं अंथरूण एवढं आखूड कापलं कुणी?

१९४४ साली, बंगालच्या भीषण दुष्काळानंतरच्या वर्षी, कलकत्त्याजवळ सिंगूर इथे एक आरोग्य पाहणी झाली. त्यात विधुर पुरुषांना आणि विधवा बायांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. जवळपास निम्म्या, म्हणजे ४८.५ टक्के विधुरांनी सांगितलं की आपण आजारी आहोत किंवा तब्येत जेमतेम आहे. विधवांपैकी असं सांगणाऱ्या फक्त २.५ टक्के. त्या काळात विधवेच्या ताटात काय पडत होतं ते आपल्या आज्यांना विचारा. विधवा काही जास्त धडधाकट नव्हत्या. आपली तब्येत चांगली असावी अशी अपेक्षा करण्याचीच त्यांना सवय नव्हती. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी हे उदाहरण मुद्दाम सांगितलं आहे, कारण ‘बायांची काही तक्रार नाही’ ह्याचा अर्थ ‘बाया सुखी आहेत’ असा होत नाही.

लांबचं कशाला, आपल्या गडचिरोलीचं घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात ते संशोधन १९८९ साली छापून आलं. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते, आणि एकेकीला तीन-तीन, चार-चार. ह्यापूर्वी त्यासाठी कधी तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के! बाकीच्या अंगावर पांढरं जाणं, पोटात दुखणं, कंबर धरणं हे सगळं घेऊन शेतात राबत होत्या. का? ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणून. बाईनं मागितलं नाही म्हणून सरकारी दवाखान्यात सोय नाही. सोय नाही म्हणून बाई जात नाही. बाई येत नाही म्हणून सरकार म्हणतं, मागणीच नाही. बैल घाण्याला जुंपावा तसं हे गोल गोल फिरत राहतं.

आज इथे बसलेल्यांपैकी किती जणी गोडाऊनमध्ये पॅकिंगला जातात? हात वर करा बघू. (बरेच हात वर.) दिवसभर उभं राहायचं. लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं. हे कितीजणी करतात? (हशा, मग पुन्हा हात.) आणि मालकाकडे बायांसाठी वेगळ्या संडासाची मागणी कितीजणींनी केली? एकही हात नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. मागितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, ही भीती खरी आहे. पण बायांसाठी स्वच्छतागृह असणं ही कुणाची मेहेरबानी नाही. ती कायद्याची अट आहे. एकटीनं मागितलं तर घालवतील. पन्नासजणींनी मागितलं तर?

माझ्या रजिस्टरमधली एक ओळ

आता मी माझीच एक चूक सांगते. भाषणात दुसऱ्यांच्या चुका सांगणं सोपं असतं.

एम.एस.डब्ल्यू. करून मी एका समुपदेशन केंद्रात रुजू झाले त्याला तेव्हा दीड-दोन वर्षं झाली असतील. एक बाई आली. वय पंचवीस-सव्वीस, दोन मुलं, अंगावर वळ. मी तिची माहिती लिहून घेतली. तिला कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याची माहिती सांगितली. त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, सगळं सांगितलं. पाठ केल्यासारखं सांगितलं. ती मान हलवत होती. ती गेल्यावर मी रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘परत जाण्याची शक्यता जास्त.’

का लिहिलं? कारण त्याआधीच्या चौघी-पाचजणी परत गेल्या होत्या. मला वाटलं, मी आता अनुभवी झाले. मी माणूस ओळखायला लागले.

पण त्या ओळीनंतर मी काय केलं, किंवा काय केलं नाही, ते ऐका. तिचा अर्ज मी त्या दिवशी भरून घेतला नाही. ‘विचार करून या’ म्हटलं. तिच्या आईला बोलावून घेतलं नाही. रात्री कुठे राहशील हे विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, तेव्हा घरी गेले नाही. दुसऱ्या एका बाईसाठी त्याच आठवड्यात मी तीनदा पोलीस ठाण्यात गेले होते, कारण ती ‘लढणारी’ आहे असं मला वाटलं होतं.

ती परत गेली. माझा अंदाज बरोबर ठरला!

आठ महिन्यांनी ती पुन्हा आली. हात मोडलेला होता. ह्या वेळी मी सगळं केलं. अर्ज झाला, आदेश मिळाला, आज ती मुलांना घेऊन वेगळी राहते आणि शिवणकाम करते. एकदा बोलता बोलता ती मला म्हणाली, “ताई, राग नका येऊ देऊ. पण पहिल्यांदा आले ना, तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं होतं, की ह्यांनासुद्धा वाटतंय मी जाणार. मग म्हटलं, शिकलेल्या बाईला जर वाटतंय, तर तसंच असेल.”

मैत्रिणींनो, तिचा हात तिच्या नवऱ्यानं मोडला. त्याचा गुन्हा त्याचाच आहे. पण त्या आठ महिन्यांतला माझा वाटा मला नाकारता येत नाही. मी तो शेरा अजून खोडलेला नाही. नव्या कार्यकर्त्या येतात तेव्हा मी त्यांना ते पान दाखवते. आणि आमच्या केंद्रात आम्ही एक नियम केला आहे : रजिस्टरमध्ये बाई ‘काय करेल’ हे लिहायचं नाही, आपण ‘काय करणार’ ते लिहायचं.

हे मी इथे आलेल्या कार्यकर्त्यांसाठी मुद्दाम सांगते. आपण स्वतःला चळवळीतल्या म्हणवतो. पण ‘ह्या वस्तीतल्या बाया यायच्याच नाहीत’, ‘मुसलमान बायांना घरातून सोडतच नाहीत’, ‘आगरी बाया हळदी-लग्नातून मोकळ्या कुठे होतात’, ही वाक्यं आपल्याच बैठकांत ऐकू येतात. आणि मग आपण त्या वस्तीत निरोपच देत नाही. निरोप नाही म्हणून बाया नाहीत. बाया नाहीत म्हणून आपलं म्हणणं खरं!

भिवंडीनं काय दाखवलं?

‘इथलं असंच असतं’ हे वाक्य भिवंडीबद्दल जितकं बोललं गेलं तितकं क्वचितच दुसऱ्या गावाबद्दल बोललं गेलं असेल. मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. मे १९८४ मध्ये पुन्हा झाली. माणसं मेली, घरं जळाली, माग बंद पडले, बायांचे संसार रस्त्यावर आले. पुढे भिवंडी म्हटलं की दंगल हे समीकरणच झालं. भिवंडी म्हणजे दारूगोळ्याचं कोठार, कधी ना कधी पेटणारच, असं सगळे धरून चालले.

१९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वेगळं धरून चालायचं ठरवलं. इथल्या लोकांना शांतता हवी आहे आणि ती ते राखू शकतात, असं त्यांनी धरलं. पण नुसतं धरून ते बसले नाहीत. मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही घेतले, वस्तीतली साधी माणसं घेतली. पोलीस त्यांच्याबरोबर बसू लागले. दंगल नसतानाही बैठका चालू राहिल्या. नळाचं, गटाराचं, शेजाऱ्याशी झालेल्या तंट्याचं बोलणं तिथे होऊ लागलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. जी भिवंडी पेटणारच असं सगळ्यांनी धरलं होतं, ती भिवंडी!

मी हे उदाहरण बायांच्या मेळाव्यात का सांगते? कारण ते आपल्याच तालुक्यातलं आहे, आणि त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, ‘असंच असतं’ हे कायम खरं नसतं. दोन, अपेक्षा बदलायची तर तिच्या पाठीमागे रोजचं काम उभं करावं लागतं. चार वर्षांच्या बैठका होत्या म्हणून त्या दोन महिन्यांत शांतता टिकली.

खुर्चीत बाई दिसली तर

दुसरं उदाहरण पंचायतीचं. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. सगळे हसले. “सही तिची, कारभार त्याचा.” सरपंचापेक्षा सरपंचाचा नवराच मोठा, हे आपण आजूबाजूला बघतोच. ते खोटं नाही.

पण पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. ज्या गावांत लागोपाठ दोन मुदती प्रमुखपद बायांसाठी राखीव होतं, तिथे मुलांच्या आणि मुलींच्या स्वतःबद्दलच्या आकांक्षांमधली दरी सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. आईबापांच्या मनातलीही दरी कमी झाली. शिक्षणात मुली मुलांच्या बरोबरीला आल्या. घरकामात मुलींचा जाणारा वेळ घटला. मुलींसाठी नोकऱ्या काही वाढल्या नव्हत्या. फक्त इतकंच घडलं होतं, की त्या मुलींनी लहानपणापासून खुर्चीत बाई बघितली होती.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा फरक एका मुदतीत दिसला नाही, दोन मुदती लागल्या. म्हणजे पहिली बाई अडखळली, लोक हसले, तरी दुसरी उभी राहायला हवी. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या गावची सरपंच बाई कागद वाचताना अडखळली तर आपण तरी हसू नका. मागच्या बाकावरून एक पोरगी तिच्याकडे बघत असते.

‘मनात आणलं की होतं’ : हे मात्र खरं नाही

आता एक धोका सांगते. आजकाल मोबाइलवर, दुकानातल्या पुस्तकांत, पैसे घेऊन भरवलेल्या शिबिरांत एक गोष्ट फार विकली जाते : चांगला विचार करा, चांगलंच होईल. मनात आणा, मिळेल. तुमच्या आयुष्यात जे घडतं ते तुमच्याच विचारांनी घडतं.

हे बायांच्या फार अंगाशी येतं. कारण ह्याचा दुसरा अर्थ असा निघतो, की मार खाल्लास तो तुझ्याच विचारांमुळे. मूल झालं नाही ते तुझ्याच मनामुळे. काम सुटलं ते तुझ्या नकारात्मकतेमुळे. पूर्वी हेच आपल्याला ‘नशीब’ आणि ‘पूर्वजन्मीचं पाप’ म्हणून सांगत होते. आता शब्द नवा आहे, ओझं तेच आहे.

साताऱ्याच्या त्या मुली आठवा. घरात मुलगी नको असताना झाली म्हणून जिचं नाव ‘नकुशी’ ठेवलं, त्या पोरीनं मनात किती चांगलं आणावं? हाक मारली की रोज तिला आठवण, तू नको होतीस. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं जाहीर समारंभात पुन्हा बारसं झालं. मुलींनी आपल्या आवडीची नावं घेतली. चांगलंच झालं. पण त्याच २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. १९९१ साली त्या ९४६ होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा करणारं राज्य आपलंच, १९८८ सालचं. तरी आकडा खाली आला. नाव बदललं, कायदा झाला, पण घराची अपेक्षा बदलली नाही तर नकोशी जन्माला यायच्या आधीच संपते.

तेव्हा मी काय म्हणते ते नीट समजून घ्या. अपेक्षा बदलायला हवी, पण एकट्या बाईनं मनातल्या मनात नाही. घरानं, शाळेनं, दवाखान्यानं, पोलीस ठाण्यानं, पंचायतीनं बदलायला हवी. आणि त्यांनी बदलावी म्हणून आपण एकत्र मागे लागायला हवं.

मग आपण करायचं काय?

आता इथलंच बोलू. मानकोली, दापोडे, पूर्णा, वळ ह्या पट्ट्यात भाताची खाचरं गेली आणि गोडाऊनं आली. जमिनीला सोन्याचा भाव आला. आणि जमिनीला भाव आला की बहिणीची आठवण येते. कशासाठी? हक्कसोड पत्रावर सही करण्यासाठी. गाडी पाठवून तिला बोलावतात. साडी-चोळी होते, गोडधोड होतं, आणि जेवणानंतर कागद पुढे येतो. ती सही करणारच, हे भावानं धरलेलं असतं, वहिनीनं धरलेलं असतं, कागद करणाऱ्यानं धरलेलं असतं. आणि बहिणीनंही.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्रानं १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. २००५ साली ते देशभर झालं, लग्न झालेल्या मुलींनाही धरून. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असायची अट नाही. म्हणजे सातबाऱ्यावर तुमचं नाव लागणं ही भीक नाही.

मी असं म्हणत नाही, की सगळ्यांनी उद्या भावावर दावा लावावा. माहेर तुटण्याची भीती मला कळते. उद्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर जायचं कुठे, हा प्रश्न मला रोज भेटतो. पण एवढं तरी करा. कागद पुढे आला की लगेच सही करू नका. “वाचून, विचारून सांगते,” एवढं एक वाक्य म्हणा. हे वाक्य म्हटलं की समोरच्याची अपेक्षा पहिल्यांदा हलते. त्याला कळतं, ही विचार करणारी आहे. सोडायचंच असेल तर समजून-उमजून सोडा. गृहीत धरलं म्हणून सोडू नका.

आणखी तीन छोटी कामं सांगते. तुमच्या मंडळानं ती सहा महिने करून बघावीत.

पहिलं : दहावीच्या मुलींच्या आयांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचं. मुलगी काय शिकणार, हे विचारायचं. ‘शिकणार का’ हे विचारायचं नाही.

दुसरं : बचतगटाच्या बैठकीत दर वेळी वेगळ्या बाईनं हिशेब वाचायचा. चुकली तर चुकू दे. जी नेहमी वाचते तिनं त्या दिवशी गप्प बसायचं. हे तिला सगळ्यात जड जाईल!

तिसरं : गावात कुठल्याही बाईवर हात उगारला गेला तर ‘ती परतच जाणार’ म्हणून घरी बसायचं नाही. पहिल्यांदा जा. परत गेली तर दुसऱ्यांदा जा. तिसऱ्यांदाही जा. तिच्या दाराशी आपण कितव्यांदा गेलो हे मोजायचं, ती कितव्यांदा परत गेली हे नाही.

मावशी, तुम्ही अजून त्याच जागी बसलात ना? मगाशी मी तुम्हाला विचारलं होतं, कशावर बोलू. तुम्ही म्हणालात, “मना काय कलतं?” आता पुन्हा विचारते. पुढच्या महिन्याच्या बैठकीत गोडाऊनच्या भाड्याच्या करारात काय काय बघायचं, ह्यावर तुम्ही बोलाल का? दलालाची गफलत तुम्ही कशी ओळखलीत, तेवढंच सांगायचं.

(मावशी आधी “छे बाय!” म्हणाल्या. मग आजूबाजूच्या बाया टाळ्या वाजवू लागल्या तेव्हा उभ्या राहून म्हणाल्या, “बरा. पन माईक नको.”)

बरं. माईक नको. मी माझं भाषण इथेच संपवते. पुढच्या महिन्यात मी ऐकायला येईन, आणि खाली सतरंजीवर बसेन.

सावित्रीच्या लेकींनो, जिंदाबाद!